कापडाच्या बदल्यात स्टील

स्टीलवर स्टील आपटल्याचा तो नाद कानांच्या आधी दातांना जाणवतो. जिन्याच्या तळाशी तो उमटतो, भिंतींना घासत वर चढतो, प्रत्येक मजल्यावर क्षणभर थबकतो आणि पुन्हा निघतो. टण्... मग जराशी स्तब्धता... मग पुन्हा टण्! त्याच्या पाठोपाठ एक लांबवलेली हाक येते, थोडी मराठी, थोडी गुजराती, आणि उरलेली निव्वळ सवयीची: "भांडेऽऽय... जूना कपडावर भांडेऽऽय!" ही हाक आली की आमच्या घरात लोखंडी कपाटाचं दार कुरकुरतं, डांबरगोळ्यांचा उग्र-गोड वास दिवाणखान्यापर्यंत पसरतो, आणि आश्विनातल्या दुपारचं कोरडं, पिवळं ऊन त्या वासात मिसळून जातं. दिवाळी जवळ आली हे मला आकाशकंदिलांवरून कधी कळलंच नाही. ते या नादावरून आणि या वासावरून कळत आलं.

तुमच्याही दारात ती येत असेल, किंवा कधीतरी येत असावी. डोक्यावर भांड्यांची टोपली, पाठीवर कपड्यांचं बोचकं. कुणी तिला बोहारीण म्हणतं, कुणी भांडेवाली. आमच्या मीरा रोडच्या इमारतीत ती 'जशोदाबेन' आहे, आणि माझ्या जन्माच्या आधीपासून आहे. जुने कपडे घ्यायचे आणि नवं भांडं द्यायचं, असा तिचा सरळ व्यवहार. किती नवलाचा आहे हा व्यवहार! एका बाजूला अंगावर विरलेलं सूत, दुसऱ्या बाजूला अजून कुणाच्याही चुलीवर न चढलेलं पोलाद. आणि या दोघांची गाठ पडते कुठे, तर पायपुसण्याच्या आसपास, उंबऱ्याच्या अलीकडे-पलीकडे बसलेल्या दोन बायकांच्या मध्ये.

आईची या व्यवहाराची एक रीत आहे. द्यायचे कपडे ती आधी धुते, वाळवते आणि घडी घालते. "घरातनं जातायत, तर नीट जाऊ देत," असं तिचं म्हणणं. मग कात्री घेऊन बसते. शर्टांची बटणं कापून एका जुन्या बरणीत टाकते. परकरांच्या नाड्या ओढून काढते. ब्लाउजचे हुक सोडवते. खिसे उलटे करून झटकते. तान्ह्या बाळाचे कपडे मात्र कधीच देत नाही; माझं झबलं अजून कपाटाच्या तळाशी आहे. रत्नागिरीकडच्या तिच्या माहेरी म्हणे अशीच रीत होती, आणि गाव सोडताना भांडीकुंडी मागे राहिली तरी ही रीत मात्र तिच्याबरोबर आली. लहानपणी मला वाटायचं, जायचंच आहे त्या कपड्यांची एवढी सरबराई कशाला? आता वाटतं, वस्तूला निरोप देण्याचीही एक सभ्यता असते.

घडी पुढ्यात आली की जशोदाबेन एकेक कपडा उचलते, उजेडाकडे धरते, दोन बोटांत चुरगाळते, आणि मग सुरू होते ती घासाघीस.

"भाभी, हे टेरिकॉट हाय. ह्याला मार्केटमध्ये कोण नाय विचारत."

"टेरिकॉट म्हणे! हात लावून बघ. चांगलं सुती आहे. ह्यांच्या लग्नातला शर्ट तो."

"लग्नातला हाय म्हणून तर गळा गेला!"

"आणि पातेलं देतेस ते झाकणाशिवाय? झाकणं काय बाजूच्या बिल्डिंगला वाटतेस?"

"झाकण पायजे तर एक साडी टाका ना वर. तुमची ती लाल, पदरावाली."

"ती? मी मेल्यावर घेऊन जा."

"तवा पण मी येणार भाभी, वरतीपण भांडे लागतात!"

हे सगळं मी पडद्याआडून ऐकायची. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले. तिथे चांगलं वागणं म्हणजे हळू बोलणं, असं माझ्या मनात कसं कोण जाणे रुजलं. आणि घरी आले की माणसांसमोर माझा आवाज गळ्यातच घुटमळायचा. आजही घुटमळतो. पण ऐकण्याला कुणी मनाई करत नाही ना? आईच्या आणि जशोदाबेनच्या त्या तासाभराच्या बैठकीत रुसवे होते, टोमणे होते, खोटे राग होते, मध्येच एकमेकींच्या गुडघेदुखीची चौकशी होती. पुस्तकातलं मराठी मी खूप नंतर स्वतःहून वाचायला लागले. माणसांचं मराठी मला त्या पडद्यापाशी मिळालं, आणि त्याला गुजरातीची फोडणी आहे हे मला कॉलेजात जाईपर्यंत कळलंसुद्धा नव्हतं.

पप्पा भाईंदर पूर्वेच्या एका गाळ्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करतात. त्या गल्ल्यांतून तुम्ही कधी गेलात तर बोलायचं असलं तरी बोलू नका. काहीच ऐकू यायचं नाही. एका गाळ्यात पत्र्याच्या चकत्या कापल्या जातात, दुसऱ्यात त्या दाबून त्यांना वाटीचा आकार येतो, आणि पप्पांच्या गाळ्यात ते आंधळं, काळपट भांडं फिरत्या चाकावर धरलं जातं. लहान असताना मी एकदा डबा द्यायला गेले होते. मला वाटलं होतं ते चाक दगडाचं असेल, निदान लोखंडाचं तरी. ते कापडाचं निघालं! सुती कापडाच्या चकत्या एकावर एक रचून, शिवून केलेलं जाड चाक. त्याला पॉलिशचा मसाला लावून पप्पांनी त्यावर एक वाटी टेकवली, ठिणगीसुद्धा न उडवता ती हळूहळू उजळत गेली, आणि तिच्या पोटात माझा लांबोळका चेहरा उमटला. "कापडाशिवाय स्टीलला तोंड दिसत नाही," पप्पा ओरडून म्हणाले. बाकीचं त्या गदारोळात वाहून गेलं. एवढं वाक्य राहिलं.

आता मी घरीच शिकवण्या घेते. संध्याकाळी आठवीच्या मुली येतात, सतरंजीवर गोल बसतात, आणि मी त्यांना इतिहास शिकवते. एका कोंडाळ्यात बसलेल्या ओळखीच्या मुलींसमोर माझा आवाज बरा चालतो. या दिवाळीच्या आधी आमचा धडा होता परकीय राजवटीतल्या हिंदुस्थानच्या वस्त्रोद्योगाचा आणि पोलादाचा. मी शाळेत असताना हाच धडा मला पाठ होता. कारणं, परिणाम, टीप लिहा. परीक्षेत त्याला चांगले गुण मिळाले आणि डोक्यातून तो सफाईने निघून गेला. शिकवायला बसल्यावर मात्र तो निराळाच दिसू लागला.

काय होतं आपलं कापड! अंगठीतून ओढून काढावी अशी मलमल, धुतल्यावर रंग अधिकच खुलावा अशी छापील छीट. गलबतं भरभरून ते सातासमुद्रापार जायचं, आणि तिकडच्या बायका हिंदुस्थानी फुलांच्या झग्यात मिरवायच्या. तिकडचे लोकर आणि रेशीम विणणारे धास्तावले. मग तिथे कायदा झाला, की ही छापील सुती वस्त्रं नकोत. पुढे तिथल्या यंत्रांना वेग आला, तेव्हा तर दारंच उलटी फिरली. आपल्या कापडावर त्यांच्या बंदरात भारी जकात. त्यांच्या कापडाला आपल्या बंदरात जवळजवळ मोकळी वाट. मागामागून माग थांबले. विणकरांच्या बोटांतली कला एका रात्रीत कुठे हरवली नव्हती. बोटं तीच होती, सूत तेच होतं. बंद झाली होती ती वाट.

"मिस," एका मुलीने विचारलं, "पण तिकडच्या लोकांना ते कापड आवडत होतं ना? मग कायदा कशाला केला?"

"आवडत होतं म्हणूनच," मी म्हटलं. तिने ते वहीत लिहून घेतलं नाही.

आणि पोलाद? दक्षिणेतल्या एका सुलतानाच्या तलवारीची धार ज्या पोलादाची होती, ते पोलाद गावोगावच्या मातीच्या लहानलहान भट्ट्यांमध्ये पिकत होतं. विलायतेतल्या विद्वानांनी त्याचे तुकडे नेऊन तपासले, पण तसं करणाऱ्यांच्या भट्ट्या इथे एकेक करून विझल्या. कारण भट्टीला कोळसा हवा, कोळशाला लाकूड हवं, आणि जंगलाला सरकारने कुंपण घातलं. ज्या रानात बापजाद्यांनी लाकूड तोडलं तिथे पाऊल टाकायला परवाना आला. शिवाय भट्टीवर कर. शिवाय बाजारात विलायती लोखंड. मध्य हिंदुस्थानातल्या अगारिया लोहारांनी मग हातोडे-सांडशी खाली ठेवून मजुरीला जायला सुरुवात केली. पुन्हा तेच! भाता तसाच, हात तसेच. आणि पुढ्यात एक फाटक, ज्याची किल्ली दुसऱ्याच कुणाकडे.

फाटक हा शब्द मी त्या संध्याकाळी वर्गात किती वेळा वापरला असेन! आणि त्याच आठवड्यात आमच्या सोसायटीला नवं फाटक बसलं.

छान आहे फाटक. काळंभोर, रुळावरून सरकणारं, शेजारी वॉचमनची काचेची केबिन. त्याच्याबरोबर प्रत्येकाच्या फोनमध्ये एक अ‍ॅपही आलं. कुणीही खाली आलं की वॉचमन त्याचा फोटो काढणार, आपल्या फोनवर घंटी वाजणार, आपण होकार दिला तर माणूस आत. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी परबकाकांनी हे सगळं फार प्रेमाने समजावून सांगितलं. वाईट माणूस नाही परबकाका. पाण्याच्या टाकीपासून गणपतीच्या मांडवापर्यंत सगळं एकट्याच्या अंगावर घेणारा माणूस. कुणाच्या तरी घरातून चोरी झाली होती, त्यामुळे त्यांची काळजी खरी होती. त्यातच त्यांनी वाचून दाखवलं, "येत्या महिन्यापासून फेरीवाले, भंगारवाले, भांडेवाल्या इत्यादींना प्रवेश बंद." आई माझ्याकडे बघायला लागली. मागून कुणीतरी विचारलं, "आणि डिलिव्हरीवाली पोरं? दिवसभर येतात ती?" परबकाका म्हणाले, "त्यांचं वेगळं. ते अ‍ॅपमध्ये आहेत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही एक प्रश्न विचारायचा होता. तो मी नेहमीप्रमाणे न विचारताच घरी घेऊन आले.

सभेनंतर एका दुपारी मी भाजी घेऊन परत येत होते. फाटकाबाहेर, फुटपाथवर, टोपली मांडीशी घेऊन जशोदाबेन बसली होती. नियम लागू व्हायला अजून दोन दिवस होते, पण वॉचमनने तिला आधीच सांगून ठेवलं होतं. ती नवं फाटक वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती, जणू तेही आता कुणीतरी बदल्यात देणार आहे.

"बेबी," ती म्हणाली, "ह्याला किती पातेली लागली असतील गं?"

मी हसले. तिने पदराने घाम पुसला. राई गावाच्या पलीकडे, खाडीकडच्या वस्तीत तिची खोली आहे. तिथून ती रिक्षाने येते आणि मग दिवसभर पायी. "ह्या लाइनमधली ही लास्ट बिल्डिंग होती, बेबी. बाकी सगळ्यांनी बंद केली. मी बोलली, राई-मुर्ध्याला नवे टावर होतायत, तिथे जाऊ. तर तिथे काय, बिल्डिंग नंतर बांधतात, गेट पैलं बांधतात!" स्वतःच्याच विनोदावर ती हसली, पण ते हसू लवकर ओसरलं. "दिवाळीपर्यंत बघते. नाय जमला तर टोपली सुनेला देते, कांदे ठेवायला. माझी सासू ह्याच टोपलीवर गेली. मला वाटला, मी पण."

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने हातातली कात्री खाली ठेवली. दिवाळीसाठी घड्या घालून ठेवलेला ढीग तिच्यासमोर होता. मग ती पुन्हा उचलून तिने त्यातल्या एका शर्टाचं उरलेलं बटण कापलं आणि बरणीत टाकलं. मला एकदम त्या भट्ट्या आठवल्या, विझलेल्या. मला वाटायचं, इतिहास म्हणजे मोठ्या माणसांनी मोठ्या खोल्यांत घेतलेले निर्णय. असेलही. पण ते निर्णय शेवटी जाऊन पोहोचतात कुठे? कुणाच्या तरी टोपलीत कांदे पडतात, तिथेच ना?

आणि गंमत अशी, की त्या इतिहासातही सगळं संपलं नव्हतं. त्या दिवशी मुलींना धड्याचा पुढचा भाग शिकवताना मी स्वतःच थांबले. यंत्राच्या कापडाने बारीक मलमलीचा बाजार मोडला, पण जाडंभरडं लुगडं, विणीतच काठ असलेली साडी, घोंगडी यांना यंत्र पुरं पडेना, आणि ते माग धुगधुगत राहिले. ज्या मुंबईत विलायती तागे उतरायचे, त्याच मुंबईत पुढे आपल्या माणसांनी गिरण्यांचे भोंगे वाजवले. आणि ते अगारिया! पोलादाच्या मोठ्या कारखान्यासाठी खनिज शोधत रानोमाळ फिरणाऱ्या माणसांना ते डोक्यावर लोहदगडाच्या टोपल्या घेऊन चाललेले भेटले. दगड कुठून आणला, असं विचारल्यावर त्यांनी हात लांब करून डोंगर दाखवला. ज्यांना अडवायला जंगलाला कुंपण पडलं, त्यांनीच वाट दाखवली. डोक्यावरच्या टोपल्या! हे वाक्य मी शाळेत कित्येकदा वाचलं असेल. त्या टोपल्यांचं वजन मात्र मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

नियम लागू झाल्यानंतरचा पहिला गुरुवार. गुरुवार हा जशोदाबेनचा आमच्या इमारतीचा वार. दुपारी इंटरकॉम वाजला. आई आंघोळीला गेली होती, म्हणून मी उचलला. वॉचमन अवघडून बोलत होता. "मॅडम, वो भांडेवाली आयी है. बोलती है आपके यहाँ बुलाया है. मैं एंट्री में क्या डालूँ? डिलिव्हरी डालूँ?"

अ‍ॅपमध्ये डिलिव्हरी होतं, कॅब होती, कामवाली होती, दुरुस्तीवाला होता. जिने माझ्या आईच्या प्रत्येक सणाला एक भांडं आणलं, जिला आमच्या घरातले सगळे शर्ट ओळखू येतात, तिच्यासाठी रकानाच नव्हता. आणि तरीही एक रकाना होता, सगळ्यांत वर, इतका सोपा की तो कुणाच्या लक्षातच आला नव्हता.

"गेस्ट डालो," मी म्हणाले.

"गेस्ट?"

"हाँ. गेस्ट."

फोनवर घंटी वाजली. पडद्यावर जशोदाबेनचा फोटो आला, कपाळापासून वरचा भाग कापलेला, कारण टोपली त्या चौकटीत मावली नव्हती. मी होकारावर बोट ठेवलं. थोड्या वेळाने जिन्याच्या तळाशी तो नाद उमटला. टण्! मी जाऊन दार उघडून ठेवलं.

ती वर पोहोचायच्या आत परबकाका पोहोचले. त्यांचा मजला आमच्या वरचा, पण ते खालूनच आले होते, धापा टाकत. मागून जशोदाबेन. दार उघडंच होतं. मी उंबऱ्यात उभी, पडद्याच्या या बाजूला.

"हिला वर कुणी सोडलं?"

"मी, काका."

"अगं, परवा सभेत तूही होतीस की! तेव्हा तर हूं की चूं केलं नाहीस."

"तेव्हा सुचलं नाही." माझा आवाज थरथरत होता, पण निघत होता. "काका, नियमात पाहुण्यांना बंदी नाहीये ना?"

"पाहुणी? ही?"

"आमच्याकडे आल्यात. चहाला."

परबकाका जशोदाबेनकडे बघू लागले. तिने सावकाश टोपली खाली ठेवली, पायातल्या चपला काढून भिंतीशी नीट लावल्या, पदर सारखा केला, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "चाय कुठे हाय पण?"

"ठेवतेय गो, ठेवतेय!" आतून ओल्या केसांना पंचा गुंडाळत आई धावली. काय चाललंय हे तिला कितपत कळलं होतं कोण जाणे, पण गॅस पेटल्याचा आवाज आला. परबकाका काहीतरी म्हणणार होते. त्यांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात वरच्या जिन्यावरून एक भलंमोठं गाठोडं उतरत आलं, आणि त्या गाठोड्याच्या मागे परबकाकू होत्या.

"अहो, जरा बाजूला व्हा ना, जिना काय अडवलात?" त्या म्हणाल्या. "जशोदाबेन, आलीस ती बरी आलीस. हॉलचे पडदे काढलेत बघ सगळे. मला तो मोठा डबा पाहिजे, लाडवाचा. मागच्या वेळी दाखवलास नि नेलास तो."

परबकाकांनी बायकोकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत बसले. किती वेळ पुसला! शेवटी चष्मा घालून ते म्हणाले, "चोरी झाली तर माझ्यावर येऊ नका." थोडं थांबून म्हणाले, "आणि एकाच घरी दर आठवड्याला पाहुणी आली, तर मला विचारावं लागेल. वेगवेगळ्या घरी आली, तर... पाहुण्यांचं काय, कुणाकडेही येतात." हे ते मला उद्देशून बोलले की जिन्याच्या कठड्याला, हे अजून ठरत नाही. मग ते वर निघून गेले, आणि जाताना टोपलीला पाय लागू नये म्हणून त्यांनी धोतराचा सोगा धरावा तशी पँट धरली, हे मी पाहिलं.

जशोदाबेन आमच्या दिवाणखान्यात पहिल्यांदाच बसली. इतकी वर्षं ती पायपुसण्याच्या पलीकडेच होती. पाहुणी म्हणून आल्यावर तिला उंबऱ्याबाहेर कसं बसवणार? सतरंजीवर, जिथे मी संध्याकाळी धडे घेते, तिथेच तिने भांडी मांडली. तळमजल्यावरच्या काकू आल्या, शेजारच्या भाभी आल्या. वाट्या, तांबे, परात, डबे यांच्या कडांवर ऊन लखलखत होतं आणि चारी बाजूंनी घड्या उलगडत होत्या. कुणाच्या बारशाची साडी, कुणाच्या निवृत्तीचा सफारी. केवढा गलका! अशा गलक्यात मी नेहमी आतल्या खोलीत जाते. त्या दिवशी गेले नाही. कपाटाच्या खालच्या खणातून मी एक घडी काढली आणि जशोदाबेनपुढे ठेवली. माझा शाळेचा गणवेश. निळा, जाड, प्लेट्सचा. आईने बटणं कधीच कापून घेतली होती.

तिने तो उजेडाकडे धरला, बोटांत चुरगाळला. "हे चांगला हाय. घे, ही वाटी घे."

"वाटी नको. तो डबा."

"डबा? ह्याच्यावर? बेबी, वाटीच बस आहे."

"कापड बघा ना तुम्हीच. आणि डब्याचं झाकण सैल आहे, ते बदलून द्या."

आईने चहाची गाळणी हवेतच धरली. मग जशोदाबेन एवढ्या मोठ्याने हसली की तिच्या मांडीवरची परात वाजली. "आली! पोरगी भायेर आली! भाभी, हिला वाटायचा मला दिसत नाय. पडद्याखालून पायाचा अंगठा दर वेळेला दिसायचा, दर वेळेला!"

झाकण तिने बदलून दिलं. त्यासाठी मात्र माझी एक ओढणी वर घेतली.

रात्रीच्या जेवणाआधी पप्पांनी तो डबा हातात घेतला, उलटा केला, बुडावरून अंगठा फिरवला. "इथे चाक जरा जास्त लागलंय," ते म्हणाले, "आमच्याच गाळ्यातला दिसतोय." त्यांच्या कानांच्या पाळ्यांमागे पॉलिशची काळी रेघ नेहमीसारखी होती. मला वाटलं, तो गणवेश आता कुठे जाईल? जुन्या बाजारात जाईल, धुऊन, इस्त्री होऊन दुसऱ्या कुणा मुलीच्या अंगावर चढेल. किंवा फाटेल, त्याच्या चिंध्या होतील, आणि त्यातली एखादी भाईंदरच्या एखाद्या गाळ्यात वाटीवरचा काळा मसाला पुसेल. कापडातून स्टील, आणि स्टीलला पुन्हा कापडाचा हात. कायदे आले, जकाती आल्या, कुंपणं आली. तरी कुणीतरी सूत जपून ठेवलं, कुणीतरी डोक्यावर दगड वाहत राहिलं, आणि हा फेरा तुटला नाही. फार मोठा दावा नाही हा. एका सोसायटीचं एक फाटक एका दुपारी थोडं सरकलं, एवढंच घडलं. अ‍ॅपमध्ये जशोदाबेनसाठी अजूनही रकाना नाही. पण ज्यांना ती हवी आहे ती माणसं आत आहेत, आणि आतून उघडण्याची सोय प्रत्येकाच्या हातात आहे, हे त्या दुपारी आमच्या जिन्याला कळलं.

काल पुन्हा गुरुवार होता. तिसऱ्या प्रहराचं ऊन खिडकीच्या गजांतून सतरंजीवर आलं होतं. आईने कपाट उघडलं, आणि डांबरगोळ्यांचा तो वास पसरला. मी फोन पुढ्यात घेऊन बसले होते, होकाराला बोट तयार ठेवून, जराशी अधीर. घंटी वाजेना. ती आली नसेल का? रिक्षा मिळाली नसेल? की टोपलीत कांदे...? मी इंटरकॉम उचलून वॉचमनला विचारलं.

"वो तो कब की अंदर गयी, मॅडम," तो म्हणाला. "आज तळमजलेवालों की गेस्ट है. अगले हफ्ते का परबसाब के घर से बोला है."

मी इंटरकॉम ठेवला. तळमजल्यावर कुणीतरी हसलं, कुणीतरी टेरिकॉटवरून भांडलं. मग जिन्याच्या तळाशी स्टीलवर स्टील आपटलं, आणि तो नाद भिंतींना घासत, प्रत्येक मजल्यावर थबकत, वर येऊ लागला.